"बरं हाय न भाऊ" म्हणणारा गडी पाडव्याला का सोडून जातो? कामातलं समाधान असं मोजतात

केनवड (ता. रिसोड) : गुढीपाडवा जवळ आला की आपल्या भागात सालगड्यांची बोलणी सुरू होतात. कुणाचं साल संपतंय, कोण कुणाकडं राहणार, यंदा साल कितीचं, उचल किती, ही चर्चा पारावर चालते, चहाच्या टपरीवर चालते आणि आता मोबाईलवरही चालते.

या दिवसांत हमखास ऐकू येणारी एक तक्रार आहे. मालक सांगतो, "वर्षभर त्याला विचारत होतो, काही अडचण हाय का? दरवेळी म्हणे, बरं हाय न भाऊ. अन् पाडव्याला सरळ सांगून मोकळा, यंदा जमत नाही, दुसरीकडं बोललो."

मग गडी खोटं बोलला का? तसं नाही. मालकानं जो प्रश्न विचारला, त्याला दुसरं उत्तर मिळणारच नव्हतं. ज्याच्या हातात आपली उचल आहे, ज्याच्या वावरात वर्ष काढायचं आहे, त्याला तोंडावर "मला इथं बरं वाटत नाही" असं कोण सांगेल?

ही अडचण फक्त शेतातली नाही. जिनिंगमधला हमाल, दुकानातला पोरगा, पतसंस्थेतला शिपाई, शाळेत पोषण आहार शिजवणारी ताई, कुणालाही "खुश आहात ना?" विचारलं की "हो" असंच उत्तर येतं. कामातलं समाधान मोजण्याचं एक शास्त्र आहे. ते कंपन्यांसाठी तयार झालं असलं तरी त्यातल्या साध्या गोष्टी आपल्या गावातही कामाला येतात. त्या समजून घेऊ.

पहिलं मोजमाप एका लहान गावात

नोकरीतल्या समाधानावरचं सुरुवातीचं गाजलेलं काम अमेरिकेतल्या रॉबर्ट हॉपॉक या संशोधकाचं. त्याचं पुस्तक 1935 साली आलं. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या न्यू होप या छोट्या गावात काम करणाऱ्या 300 च्या वर माणसांना त्यानं प्रश्न विचारले.

हॉपॉकनं एकच प्रश्न विचारून काम संपवलं नाही. त्याचे प्रश्न चार होते. आपल्या भाषेत ते असे मांडता येतील :

1. तुम्हाला हे काम किती आवडतं?
2. दिवसातला किती वेळ या कामात बरं वाटतं? नेहमी, कधीमधी, की क्वचित?
3. दुसरं काम मिळालं तर हे सोडाल का?
4. इतर लोकांच्या मानानं तुम्ही आपल्या कामावर जास्त खुश आहात की कमी?

हे चार प्रश्न वरवर सारखेच वाटतात, पण उत्तरं सारखी येत नाहीत. एखाद्याला काम आवडतं, तरी तो सोडायला तयार असतो. दुसऱ्याला काम आवडत नाही, पण तो सोडत नाही, कारण दुसरी सोय नसते. एका प्रश्नात हा फरक दिसत नाही.

आपल्या शेतकऱ्याचंच उदाहरण घ्या

असाच प्रश्न आपल्या देशातल्या शेतकऱ्यांनाही विचारला गेला आहे. 2003 साली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण संघटनेनं देशभरातल्या 51 हजारांहून जास्त शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. त्यात 27 टक्के शेतकरी म्हणाले, शेती परवडत नाही म्हणून आवडत नाही. आणि एकूण 40 टक्के म्हणाले, पर्याय मिळाला तर आम्ही दुसरा धंदा धरू.

त्यानंतर दहा वर्षांनी दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेच्या लोकनीती विभागानं 18 राज्यांत शेतकऱ्यांची पाहणी केली. तिथं "शेती आवडते का?" या प्रश्नाला 72 टक्के शेतकऱ्यांनी "हो" म्हटलं. पण त्याच पाहणीत 76 टक्के म्हणाले, शेतीऐवजी दुसरं काही काम मिळालं तर बरं होईल.

आता सांगा, शेतकरी समाधानी आहे की नाही? पहिला आकडा धरला तर बातमी होईल "शेतकरी शेतीवर खुश". दुसरा धरला तर होईल "शेतकऱ्याला शेती नकोशी". आपल्याला मात्र दोन्ही उत्तरं खरी आहेत हे माहीत आहे. काळ्या मातीवर जीव आहे, पण सोयाबीनच्या भावावर पोराचं शिक्षण होत नाही. आवडणं वेगळं आणि परवडणं वेगळं.

म्हणून समाधानाचा कोणताही आकडा समोर आला की पहिल्यांदा विचारायचं, प्रश्न नेमका काय होता?

तुकडे करून विचारा

पुढच्या संशोधकांनी यावर एक उपाय काढला. अख्ख्या कामाबद्दल एकदम न विचारता कामाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाबद्दल वेगळं विचारायचं. 1969 साली अमेरिकेतल्या पॅट्रिशिया स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच भागांचं एक मोजमाप मांडलं. ते आजही वापरात आहे. ते पाच भाग म्हणजे प्रत्यक्ष काम, पगार, पुढं जाण्याची संधी, वरच्या माणसाची वागणूक आणि सोबतची माणसं.

आपल्या सालगड्याला हे लावून पाहू.

काम : दिवसाची कामं जमतात, पण हरभऱ्याला रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायचं म्हणजे थंडीत, अंधारात, विंचू-सापाच्या भीतीत वावरात फिरायचं. फवारणी करायची तर तोंडाला बांधायला मास्क आहे का, हातमोजे आहेत का?

पैसा : साल ठरलं तेवढं मिळतंच. पण मधेच पोरगी आजारी पडली तर हजार-दोन हजारासाठी किती वेळा मागावं लागतं?

पुढची वाट : दहा वर्षं हेच काम केलं तरी तो गडीच राहतो. ट्रॅक्टर शिकायला मिळाला, ठिबकचं काम शिकायला मिळालं, तर त्याची किंमत वाढते.

मालकाची वागणूक : चारचौघांत शिवी देऊन बोलणं, की बाजूला घेऊन सांगणं? घरच्या लग्नाला सुट्टी मिळते का?

सोबती : एकट्यानंच राबायचं, की सोबत बोलायला कुणी आहे?

आता "बरं हाय न भाऊ" या उत्तराच्या आत काय काय दडलं होतं ते दिसतं. कदाचित गड्याला साल मान्य होतं, मालकही मान्य होता, पण रात्रीचं पाणी एकट्याला नको होतं. तेवढीच गोष्ट वेळेवर कळली असती तर रात्री सोबत एक माणूस देऊन प्रश्न सुटला असता. कळली नाही, म्हणून गडी गेला. मालकाला वाटलं, दुसऱ्यानं जास्त पैसे दिले.

पैसा वाढवला की समाधान वाढतं का?

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 इंजिनिअर आणि हिशेबनिसांशी बोलून 1959 साली एक मत मांडलं. ते म्हणाले, माणसाला नाराज करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि खुश करणाऱ्या वेगळ्या. पगार, नियम, साहेबाची वागणूक, कामाची जागा, नोकरीची हमी यांत खोट असली की माणूस नाराज होतो. पण त्या नीट केल्या म्हणून तो खुश होतोच असं नाही, फक्त नाराजी कमी होते. खुशी येते ती काम चांगलं जमल्यानं, कुणी त्याची दखल घेतल्यानं, जबाबदारी मिळाल्यानं.

या मतावर पुढं टीकाही झाली. चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःकडं घेतो आणि वाईट झालं की दोष दुसऱ्यावर टाकतो, त्यामुळं उत्तरं अशी येतात, असं टीकाकारांचं म्हणणं. तरीही हा फरक आपल्या राज्यात आपण डोळ्यांनी पाहिला आहे. दोन उदाहरणं घ्या.

आशा ताई : मान मिळाला, पण...

आशा स्वयंसेविका 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आल्या. साधारण 1 हजार लोकवस्तीमागं एक आशा. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, बाळंतपणाला दवाखान्यात नेणं, घरोघरी सर्वे, सगळं त्यांच्याकडं. कोरोनात त्या दारोदार फिरल्या. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या 10 लाखांहून जास्त आशांचा जागतिक पुरस्कारानं गौरव केला.

काम गरजेचं आहे, गावात ओळख आहे, जगानं दखल घेतली. हर्झबर्गच्या भाषेत खुशीच्या गोष्टी भरपूर. तरी ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या. मानधनवाढीचं आश्वासन मिळाल्यावर संप थांबला. पण आश्वासनाचा शासन निर्णय निघेना, म्हणून 12 जानेवारी 2024 पासून पुन्हा संप झाला. मुंबईत आझाद मैदानावर आशा बसून राहिल्या. शेवटी मार्च 2024 मध्ये मानधनात महिन्याला 5 हजार रुपये वाढीचा निर्णय झाला.

यातून काय कळतं? शाबासकीनं पोट भरत नाही. कामावर जीव असलेला माणूससुद्धा मोबदल्यावर नाराज असू शकतो. एखाद्या आशा ताईला नुसतं "काम आवडतं का?" विचारलं असतं तर "हो" उत्तर आलं असतं, आणि अहवालात "आशा समाधानी" असं छापून आलं असतं.

एसटी : पगार वाढला, तरी...

दुसरं उदाहरण उलटं आहे. ऑक्टोबर 2021 च्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. त्या काळात गावोगावच्या पोरांचं कॉलेज आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना कसा अडला, हे कुणी विसरलेलं नाही. 24 नोव्हेंबर 2021 ला सरकारनं मूळ वेतनात वाढ जाहीर केली. नोकरीला 10 वर्षांपर्यंत झालेल्यांना 5 हजार, 10 ते 20 वर्षं झालेल्यांना 4 हजार, त्याहून जुन्यांना 2,500 रुपये. पगार दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत देऊ, असंही सांगितलं.

तरी बरेच कर्मचारी कामावर आले नाहीत. त्यांची मुख्य मागणी होती, महामंडळाचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण. म्हणजे नोकरीची आणि पगाराची हमी. कोरोनात पगार लांबले होते, त्याची भीती मनात होती. उच्च न्यायालयानं 22 एप्रिल 2022 पर्यंत रुजू व्हायला सांगितलं, तेव्हा कुठं संप संपला.

बाहेरच्या माणसाला वाटलं, "एवढी वाढ दिली, अजून काय पाहिजे?" कारण त्यानं समाधान म्हणजे पगार एवढंच धरलं होतं. एसटीत पगारासोबत हमीचाही प्रश्न होता. आशांच्या बाबतीत मानासोबत पैशाचा प्रश्न होता. कुठला भाग दुखतोय हे न विचारता औषध दिलं की असंच होतं.

लिहिता-वाचता येत नसेल तर?

आपल्याकडं फॉर्म भरून घेणं अवघड, असं बरेच जण म्हणतील. त्यावरही जुना उपाय आहे. 1955 साली थिओडोर कुनिन या संशोधकानं कागदावर चेहऱ्यांची रांग काढली, एका टोकाला हसरा, दुसऱ्या टोकाला रडका. कामगारानं फक्त आपल्या मनासारख्या चेहऱ्यावर खूण करायची. आज व्हॉट्सॲपवर आपण जे चेहरे पाठवतो, तसंच हे. वाचता येण्याची गरज नाही.

समजा सोयाबीन सोंगणीला 10 बाया येतात. पाच चेहऱ्यांचा कागद केला. रडक्याला 1 गुण, हसऱ्याला 5. सगळ्यांच्या खुणांची सरासरी समजा अशी आली :

- मजुरी : 4
- पैसे वेळेवर मिळणं : 2
- प्यायचं पाणी आणि सावली : 3
- बोलण्याची पद्धत : 4
- वावरापर्यंत ने-आण : 2

पाचही मिळून सरासरी 3. म्हणजे "ठीकठाक". मालक म्हणेल, काही करायची गरज नाही. पण वेगळं वेगळं पाहिलं तर दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. मजुरी वाढवायची गरज नाही, पैसे बाजाराच्या आदल्या दिवशी हातात द्या आणि ऑटोची सोय करा.

अजून एक खबरदारी. समजा ने-आणीला पाच बायांनी 5 आणि पाच बायांनी 1 दिला. सरासरी 3 येते. प्रत्यक्षात मधल्या चेहऱ्यावर एकीनंही खूण केलेली नाही. वावराजवळच्या वस्तीतल्या पाच जणी खुश आहेत, लांबून येणाऱ्या पाच जणी वैतागल्या आहेत. म्हणून सरासरीसोबत कुणी कुठं खूण केली, तेही पाहायचं.

विचारताना या चुका टाळा

मालकानं स्वतः विचारू नये. बचत गटातली ताई, गावातली शिकलेली पोरगी, कुणीही तिसरं माणूस चालेल. मालकाच्या नात्यातलं नको.

नाव नको. खुणा केलेला कागद घडी करून डब्यात टाकायचा. पण दोन-तीनच माणसं असतील तर डब्याचा उपयोग नाही, कोण काय म्हणालं हे लगेच ओळखू येतं. तिथं मोकळेपणानं बोलणं हाच रस्ता.

मजुरी वाटायच्या दिवशी विचारू नका. पैसे हातात पडले की सगळंच गोड लागतं, आणि पैसे अडले की सगळं कडू. साधा दिवस निवडा आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारा.

मोकळं बोलू द्या. शिकागोजवळच्या हॉथॉर्न इथल्या कारखान्यात 1928 पासून 20 हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारत. मग लक्षात आलं की कामगार प्रश्न बाजूला ठेवून भलतंच बोलतात आणि खरं दुखणं त्यातच असतं. तेव्हा त्यांनी ठरलेले प्रश्न सोडले आणि नुसतं ऐकायला सुरुवात केली. आपणही शेवटी एक प्रश्न मोकळा ठेवावा : "एकच गोष्ट बदलायची असेल तर कोणती बदलशील?"

काही करायचं नसेल तर विचारूच नका. एकदा विचारलं, लोकांनी खरं सांगितलं आणि पुढं काहीच झालं नाही, तर दुसऱ्या वेळी पुन्हा "बरं हाय न भाऊ" सुरू होतं.

"टिकून आहे" म्हणजे समाधानी आहे का?

बरेच जण म्हणतात, "माझ्याकडं गडी आठ वर्षांपासून आहे, म्हणजे खुशच असेल." असं धरून चालू नका. कधी माणूस समाधानानं टिकतो, कधी उचलीनं. दरवर्षी थोडी उचल अंगावर राहते, ती फिटत नाही आणि पाय निघत नाही.

इथं एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. उचल देणं-घेणं वेगळं. पण उचलीच्या जोरावर माणसाला अडवून ठेवणं, दुसरीकडं कामाला जाऊ न देणं ही वेठबिगारी होते, आणि 1976 च्या कायद्यानं ती बंद आहे. अशी तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडं करता येते.

तसंच, ज्यानं आयुष्यभर कमीच पाहिलं, तो थोडक्यातही "समाधानी" म्हणतो. अंथरूण पाहून पाय पसरायची सवय लागलेली असते. म्हणून मजूर खुश आहे हे कारण सांगून कमी मजुरी देता येत नाही. किमान वेतन, फवारणीची सुरक्षा साधनं, वेळेवर पैसे हा हक्क आहे. समाधान मोजायचं ते हक्क दिल्यानंतर.

थोडक्यात

- "खुश आहेस का?" या एका प्रश्नावर विसंबू नका.
- काम, पैसा, पुढची संधी, वागणूक, सोबती असे भाग पाडून विचारा.
- विचारणारा तिसरा माणूस असावा, उत्तरावर नाव नसावं.
- सरासरीसोबत कुठल्या भागाला सगळ्यांत कमी गुण आहेत ते पाहा आणि आधी ते दुरुस्त करा.
- माणूस टिकला म्हणजे समाधानी आहे, असं धरू नका.

"मजूर मिळत नाही" ही तक्रार आज गावागावांत आहे. सोंगणीच्या दिवसांत तर मेळघाटातून मजूर आणावे लागतात. त्यातली काही कारणं आपल्या हातात नाहीत. पण जी माणसं आधीच आपल्याकडं येतात, ती पुन्हा का येत नाहीत, हे शोधणं आपल्या हातात आहे. पाडव्याची वाट पाहू नका. दिवाळीच्या आसपास, सोंगणी उरकली की एकदा विचारून घ्या. तेव्हा कळलं तर दुरुस्तीला वेळ असतो, पाडव्याला कळलं तर गडी दुसऱ्याच्या वावरात असतो.